झाकण आत गेलं होतं

सुजे, काल तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक तुझ्याबद्दल इतकं गोड बोलले की मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या हॉलमध्ये येऊन बसलेय. ‘सुजाताताई फार शांत स्वभावाच्या.’ ‘त्यांनी कधी आवाज चढवला नाही.’ ‘सगळ्यांचं ऐकायच्या.’ सगळ्यांचं ऐकायच्या! मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते, नाहीतर तोंडातून काहीतरी निघून गेलं असतं. भन्तेजींनी पंचशील दिलं, मंडळाच्या अध्यक्षांनी कॅरममधल्या तुझ्या एकेका ढालीची आठवण काढली, आणि मग माइक माझ्या हातात दिला. ‘तीस-चाळीस वर्षांची पार्टनर’ म्हणून.

मी उभी राहिले आणि माझ्या डोक्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट आली. ती सांगायची नाही म्हणून तू माझ्याकडून वचन घेतलं होतंस, आणि ज्याच्यापासून लपवायची तो तुझा मुलगा अमित समोरच बसला होता. म्हणून ‘आमची जोडी चांगली होती’ एवढं बोलून मी खाली बसले. शाळेत पी.टी. शिकवताना मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा माझा आवाज, काल तिसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा गेला नसेल. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला. आता लिहायला बसलेय. लिहिलेलं तुला मधेच तोडता येणार नाही, हा एक फायदा.

आधी आपलं भांडण. ते सुटलं नाही आणि आता सुटणारही नाही, म्हणून ते वर राहू दे. तू पोस्टात दिवसभर ठाण ठाण शिक्के मारायचीस आणि संध्याकाळी घाटकोपरच्या आपल्या मंडळात कॅरमसमोर बसलीस की तुझं बोट असं काही हलायचं की स्ट्रायकर निघाला कधी ते कळायचं नाही. सोंगटी पॉकेटच्या काठावर जाऊन क्षणभर विचार करायची आणि मगच आत पडायची. मी म्हणजे एकदम उलट. मी ठोकणार. चार भिंतींना लागून आलं तरी चालेल, पण आवाज आला पाहिजे. आणि प्रत्येक बोर्ड संपला की तुझं एकच वाक्य असायचं. “पमे, जोर कमी कर गं.” लग्न झालं, पोरं झाली, केस पांढरे झाले, तुझं वाक्य काही बदललं नाही. मी म्हणायचे, “जोर नसेल तर खेळायचं कशाला, भातुकली मांड.” तू पावडर झटकून म्हणायचीस, “बघ, परत ठोकलंस.”

खेळ चालू असताना मात्र तू कधी बोलली नाहीस. पार्टनरला सुचवायचं नाही, खूण करायची नाही, बोर्ड संपेपर्यंत खुर्ची जागची हलवायची नाही. हे नियम तू इतके पाळायचीस की घरगुती खेळातही तुझ्या ओठाला कुलूप. पण इतकी वर्षं समोरासमोर बसलं की बोलावं लागत नाही. तुझा स्ट्रोक बिघडला की तू आधी माझ्याकडे बघायचीस आणि मग नजर खाली, तुझ्या कोपऱ्यातल्या पॉकेटकडे न्यायचीस. ‘वाट लागली आहे, सांभाळ.’ त्या नजरेचं मला पाठांतर झालं होतं.

एका रविवारी सकाळी मंडळात बोर्ड अर्धा झाला असताना तू तसंच बघितलंस. मी बोर्डाकडे बघितलं तर तुझा डाव उत्तम होता. पुन्हा तुझ्याकडे बघितलं. कपाळावर घाम, डावा हात छातीवर, आणि उजवा हात अजून बोर्डावर, स्ट्रायकरपाशी. मी खुर्ची ढकलून उठले. रिक्षात बसताना तू काय म्हणालीस आठवतंय? “पमे, तू खुर्ची सोडलीस. बोर्ड गेला.” मी तुला इतक्या शिव्या घातल्या की रिक्षावाल्याने आरशातून आपल्याकडे दोनदा बघितलं.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, मनगटातल्या शिरेतून नळी आत घालून हृदयापर्यंत जायचं, अडलेली जागा उघडायची. तू स्ट्रेचरवर, श्वास पुरत नाही, आणि तरी त्यांचा हात धरून विचारतेस, “डावीकडून जमेल का? उजवा माझा खेळायचा आहे.” त्यांनी डावं मनगट चाचपलं. म्हणाले, “ताई, डावीकडे नाडी फार बारीक लागतेय, आणि आता वेळ नाही. उजव्यातूनच जावं लागेल.” तू मान हलवलीस. पण तुझ्या चेहऱ्यावर जी भीती आली ना, ती छातीत दुखत होतं तेव्हासुद्धा नव्हती. ती मी पाहिली. तुला जगायचं होतंच, पण हाताशिवाय नाही.

शीर उघडली. स्टेंट बसला. तुला वॉर्डात आणलं तेव्हा तुझ्या गालावर रंग आला होता आणि उजव्या मनगटावर प्लास्टिकचा एक पारदर्शक पट्टा होता. आत हवा भरलेली छोटी उशी, ती बरोबर भोकावर दाबून बसलेली. सिस्टर रत्नागिरीकडच्या होत्या, बोलायला सडेतोड. म्हणाल्या, “काकू, रक्त पातळ करायचं औषध दिलंय तुम्हाला. आणि ही धमनी आहे, साधी शीर नाही. मनगट वाकवायचं नाही, त्या हातावर भार द्यायचा नाही. हळूहळू हवा कमी करत आम्ही पट्टा काढू.” तू इतक्या नम्रपणे ‘हो सिस्टर’ म्हणालीस की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

अमित औषधं आणायला खाली गेला. मी तुझी उशी नीट करत होते. पाठमोरी झाले आणि ‘टण्’ असा आवाज आला. वळून बघते तर जेवणाच्या सरकत्या टेबलावर तुझा उजवा हात, बोट अजून पुढे ताणलेलं, आणि पलीकडे खुर्चीत ठेवलेल्या स्टीलच्या ट्रेमध्ये पाण्याच्या बाटलीचं झाकण गोल गोल फिरत थांबतंय. टेबलाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, काठावरून खाली, थेट ट्रेमध्ये.

“सुजे!”

“चालतंय गं,” तू कुजबुजलीस. तुझे डोळे असे चमकत होते जसे शाळेतल्या पोरीचे. “बोट चालतंय. मी बघितलं.”

मी तुला मारायची तेवढी राहिले. तेवढ्यात अमित आला, खुर्चीतला ट्रे उचलून बाजूला ठेवला आणि आपल्या दोघींच्या मधे बसला. तू हात पटकन चादरीखाली घेतलास. तो औषधांचं सांगत होता, घरी फोन करत होता, आणि त्याच्या डोक्यावरून तू माझ्याकडे बघितलंस. मग नजर खाली नेलीस. तुझ्या कोपऱ्यातल्या पॉकेटकडे.

मी पलंगाला वळसा घालून आले आणि चादर उचलली. “गो बाय, काय केलंस ह्यां!” मी गावच्या बोलीत ओरडले. तळहात भरून रक्त होतं. पट्टा सरकला होता आणि उशीच्या कडेखालून ते येत होतं, सावकाश नाही, ठोक्याठोक्याला. अमितचा चेहरा चादरीपेक्षा पांढरा पडला. तो सिस्टरला हाका मारत दाराकडे धावला आणि मी मला सुचलं ते केलं. पट्ट्यावरूनच अंगठा ठेवला आणि सगळं अंग त्यावर टाकलं.

रत्नागिरीच्या सिस्टर धावत आल्या. आल्या आल्या तुझा हात वर उचलला आणि माझ्यावर ओरडल्या, “मावशी, जोर कमी करा! बोटं बघा त्यांची, काय रंग झालाय.”

“जोर कमी केला तर रक्त येईल ना!”

“मी आहे ना इथे. रक्त थांबवायचंय, हात निकामी करायचा नाहीये.”

आणि सुजे, तू. घामाने निथळणारी, ओठ सुकलेले, रक्त चादरीवर, आणि तू उशीवर डोकं टेकून म्हणालीस, “सिस्टर, मी आयुष्यभर हेच सांगतेय हिला.” मला रडू आणि हसू एकदमच फुटलं. तुझ्यावर इतका राग मला कधीच आला नव्हता आणि तू इतकी हवीशीही कधी वाटली नव्हतीस.

सिस्टरनी माझा अंगठा बाजूला केला आणि स्वतःचा ठेवला, भोकाच्या जरा वर, कोपराच्या बाजूला. रक्त थांबलं. दुसऱ्या सिस्टरनी नवा पट्टा आणला, बांधला, सिरिंजने हवा भरली. मी सुस्कारा सोडला तर पहिल्या सिस्टर पुन्हा हवा काढायला लागल्या. मी म्हटलं, “अहो थांबलंय, कशाला छेडताय?” त्या म्हणाल्या, “फार आवळून ठेवलं तर ही धमनी आतून बंदच होईल. हात जाणार नाही, करंगळीच्या बाजूने दुसरी असते. पण ही गेली ती गेली.” मग तुझ्याकडे बघून विचारलं, “काकू, ह्या हाताने काय काम करता?”

अमित म्हणाला, “आता काही नाही. पोस्टातून रिटायर झाली.”

“कॅरम खेळते,” मी म्हटलं. “राज्य पातळीवर.”

सिस्टरनी मान वर करून तुला एकदा नीट बघितलं. आणि मग थोडी थोडी करून हवा काढत गेल्या. आपण तिघं त्या प्लास्टिकच्या खिडकीकडे डोळे लावून. एका क्षणी कडेला लाल थेंब उगवला. त्यांनी तेवढीच, अगदी चिमूटभर हवा परत भरली. थेंब तिथेच राहिला. मोठा झाला नाही. मग तुझ्या अंगठ्याला नाडी दाखवणारा चिमटा लावला, करंगळीच्या बाजूची शीर स्वतःच्या बोटाने दाबून धरली आणि मशीनकडे बघायला लागल्या. पडद्यावर रेघ सपाट गेली. आणि मग ती उठली. छोटीशी, पण उठली. परत उठली. उठतच राहिली.

“चालू आहे,” सिस्टर म्हणाल्या. “पट्ट्याखालून रक्त जातंय हाताला. आता हे संध्याकाळपर्यंत असंच राहिलं पाहिजे. बाहेर एक थेंब नको आणि आत वाट बंद व्हायला नको. हात हलला तर मी जबाबदार नाही.”

मग मी जे बघितलं ते काल त्या हॉलमध्ये सांगायला हवं होतं. तू उशीवर उजवा हात ठेवलास आणि बसलीस. बोर्ड चालू असताना बसतात तशी. नाक खाजलं तरी हलली नाहीस, मी खाजवून दिलं. पाणी मी पाजलं. शेजारच्या पलंगावरच्या आजी बोलायला लागल्या तर डोळ्यांनीच उत्तर दिलंस. सिस्टर येऊन हवा कमी करून जायच्या, चिमटा लावून बघायच्या, आणि दर वेळी माझा जीव वरखाली व्हायचा, तुझा नाही. जी बाई बोट चालतं का बघायला घाई करून बसली, तीच आता दगडासारखी. शांत स्वभाव म्हणतात तो हा असेल तर ठीक आहे, मी कबूल. पण तो स्वभाव नव्हता गं, ती जिद्द होती. मला त्यातला फरक माहीत आहे, समोर मी बसायचे.

उन्हं उतरल्यावर सिस्टरनी पट्टा काढला. खाली मोहरीएवढा ठिपका. कोरडा. त्यांनी दोन बोटं अलगद ठेवली, इतकी अलगद की तुझ्याच स्ट्रोकची आठवण झाली. थांबल्या. आणि हसल्या. “लागतेय. चांगली लागतेय. मावशी, तुम्हीपण बघा.” मी बोट ठेवलं. जोर न लावता, आयुष्यात पहिल्यांदा. आणि तुझी नाडी माझ्या बोटाखाली टक टक करत होती, काहीच झालं नाही अशा थाटात. मी तिथेच रडले. सगळ्या वॉर्डासमोर, पी.टी.च्या बाईने.

तू मला खाली वाकायची खूण केलीस. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलणार. तू कानात म्हणालीस, “पण झाकण आत गेलं होतं ना?”

“गेलं होतं, बाई.”

“मग झालं. अमितला सांगू नकोस. त्याला हे कळलं तर बोर्डाला हात लावू देणार नाही.”

पुढे आठवडाभर तुझा हात कोपरापर्यंत हिरवानिळा होता आणि तू तो साडीच्या पदराखाली लपवून फिरायचीस. मंडळात यायचीस, पण नुसती बघायला. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली तरी तू पावडर पसरून गप्प बसायचीस. भीती होती, मला कळत होतं. रोज समोर बसून आपले स्ट्रोक मारत राहिले, आणि खरं सांगते, हळू मारत राहिले. तू एके दिवशी वैतागून म्हणालीस, “हे काय चाललंय तुझं मेंगळट?” आणि माझ्या हातातून स्ट्रायकर ओढून घेतलास. असा तुझा हात परत आला.

आणि मग मुलुंडची फायनल. समोरच्या दोघी आपल्या निम्म्या वयाच्या, बोटं विजेसारखी. शेवटचा बोर्ड. राणी आपल्याकडे, कव्हर झालेली. त्यांची एक काळी पॉकेटच्या तोंडाशी, आपलं चुकलं की पाळी त्यांची. आपली एकच पांढरी, तीही अशा जागी अडकलेली की सरळ रस्ताच नाही. समोरच्या भिंतीवर आपटून परत आणली तरच. म्हणजे माझा स्ट्रोक. ठोकायचा. आणि पाळी तुझी.

माझ्या मनात काय आलं माहीत आहे? ‘हळू मार, सुजे. मनगट.’ जन्मभर तू जे मला म्हणालीस ते मी तुला मनात म्हणत होते, आणि बोलायची सोय नव्हती. तू पावडर लावलीस. त्या ठिपक्यावरून अंगठा एकदा फिरवलास. माझ्याकडे बघितलंस, आणि या वेळी नजर खाली गेली नाही. आणि मग तू ठोकलंस! काय ठोकलंस गं! आख्खा हॉल दचकला. सोंगटी भिंतीला लागून उलटी आली आणि तुझ्याच कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये अशी गेली की जाळी हलत राहिली. त्या दोघी पोरी हरल्यावर टाळ्या वाजवत उठल्या. मी खुर्चीवर उभी राहिले. बोर्ड संपला होता, चालतं.

बाहेर चहा पिताना मी म्हटलं, “मग? इतकी वर्षं मला शिकवत होतीस. शेवटी ठोकायलाच लागलं ना?”

“मनगट टेस्ट करत होते.”

“फायनलमध्ये?”

“मग काय तुझ्या घरच्या बोर्डावर करू? त्याची तू आधीच वाट लावलीयस.” मग कप ठेवून म्हणालीस, “आणि एकदा चालतं. तू रोज ठोकतेस.”

म्हणजे हरलेलं कबूल केलं नाहीसच. ढाल घेऊन आपण त्या वॉर्डात गेलो, सिस्टरना दाखवायला. तू त्यांना झाकणाचं खरं सांगून टाकलंस, माफी मागितलीस. त्या म्हणाल्या, “काकू, ट्रेमध्ये झाकण मी त्याच दिवशी बघितलं होतं. बाटली टेबलावर आणि झाकण ट्रेमध्ये, तेही मी कॅरम ऐकल्यावर. मला कळत नाही का?” तुझं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं.

तू गेलीस दुपारी, जेवून आडवी झालीस ती उठलीच नाहीस. लोक मला म्हणतात, शेवटी हृदयानेच नेलं. नेलं. मला रात्र-रात्र झोप नाही, जेवताना घास फिरतो, मंडळाच्या जिन्यापाशी पाय अडतात. पण हरलीस असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. त्या वॉर्डातून तू हात शाबूत घेऊन निघालीस, नाडीसकट. त्यानंतरचा सगळा काळ तू खेळलीस, जिंकलीस, माझ्याशी भांडलीस. ती मिळकत आहे आणि ती माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. एवढं मला तुला तोंडावर सांगायचं होतं. तोंडावर आपण एकमेकींना फक्त शिव्या दिल्या.

आज सकाळी अमित आला होता. रुमालात तुझा स्ट्रायकर बांधून. म्हणाला, “पमामावशी, आईच्या हातात ठेवायचा राहून गेला. आता काय करू याचं?” मग मी त्याला सगळं सांगितलं. झाकण, टेबल, ट्रे, सगळं. वचन मोडलं, काय करायचं ते कर. तो खुर्चीतून अर्धा उठला. “म्हणजे पट्टा सैल बांधला नव्हता? मावशी, मी त्या सिस्टरशी भांडलो होतो!” आणि मग तू गेल्यापासून पहिल्यांदा तो हसला. हसता हसता डोळे पुसायला लागला. उद्या पेढे घेऊन जातो म्हणाला त्यांच्याकडे. मग विचारलं, “गेलं का पण आत?” तुझाच मुलगा.

स्ट्रायकर मी ठेवून घेतला. बरं झालं तुझ्या हातात ठेवायचा राहिला. डबल्समध्ये पाळी कशी फिरते ते तुला मी सांगायला नको. तू खेळलीस. मग आपल्या दोघींच्या मधे बसलेला तो जो कोण आहे, तुला घेऊन जाणारा, त्याची खेळी झाली, आणि चांगलीच झाली, त्याला मी नाव ठेवत नाही. त्यानंतर पाळी माझी येते. रविवारी मंडळात सामने आहेत, समोर कोण बसणार ते अजून ठरलेलं नाही. पण बोटाखाली स्ट्रायकर तुझाच असणार. पावडर पसरणार, खुर्ची पुढे ओढणार, आणि मला वाटेल तसं मारणार.

आणि तू मधेच बोलू नकोस, सुजे. खेळ चालू असताना पार्टनरने बोलायचं नसतं.